जुनं ओव्हरड्राइव्ह पेडल: घेताना, जोडताना, जपताना

कळव्याला खारीगावात एक काका राहतात. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपतीत, नवरात्रात, हळदीच्या रात्री ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या स्टेजवर ते असायचेच. पुढे बोटं आखडली, गिटार भिंतीवर गेली आणि पायाखालचं पिवळं पेडल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. चार वर्षांपूर्वी त्यांनी तो डबा माझ्या हातात ठेवला. आत बॉस कंपनीचं एसडी-१ होतं, गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये जोडून आवाजाला फाटकी धार देणारं ओव्हरड्राइव्ह पेडल. खालच्या लेबलवर जपानचा शिक्का. फुकट घ्यायचं नव्हतं म्हणून मी पैसे दिले, ते त्यांनी मोजलेही नाहीत. "वाजव मात्र, शोकेसला लावू नकोस," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी ते दहा वॅटच्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पला जोडलं, ड्राइव्हचा (आवाज किती फाटावा ते ठरवणारा) नॉब पूर्ण उजवीकडे फिरवला, आणि कानाशी डास घोंघावावा तसा आवाज आला. मला वाटलं, इतक्या वर्षांत बिघडलं असणार. दोन आठवड्यांनी काका नौपाड्यात माझ्या घरी आले. वाकून त्यांनी तीनच गोष्टी केल्या: ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणला, लेव्हल (पेडलमधून बाहेर पडणारा आवाज) चढवली आणि अ‍ॅम्पचा आवाज मी ठेवला होता त्याच्या दुप्पट केला. मग तेच पेडल बोलायला लागलं. जुनं ओव्हरड्राइव्ह पहिल्यांदाच घेणाऱ्याला मला सांगायचं आहे ते त्या तीन हालचालींत आलं. पेडल एकटं आवाज करत नाही, ते अ‍ॅम्पला पुढे ढकलतं. हे कळण्याआधी विंटेजच्या किमतीला हात घालू नका.

आधी, आत काय चालतं ते

तानपुऱ्याची जवारी ज्यांनी जवळून ऐकली आहे त्यांना हे पटकन कळेल. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत एक जागा अशी येते की सरळ वाजणारी तार अचानक उमलते, षड्जातून गंधार ऐकू यायला लागतो. तार तीच, पण तिचे उपस्वर उघडे पडतात. ओव्हरड्राइव्ह हेच काम विजेच्या लाटेवर करतं.

गिटारच्या पिकअपमधून (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून) निघालेला सिग्नल अगदी बारीक असतो. पेडलमधली आयसी (छोटी चिप) तो वाढवते. या आयसीच्या फीडबॅकच्या वाटेत, म्हणजे बाहेर पडलेला सिग्नल परत तिच्याकडे नेणाऱ्या वाटेत, छोटे डायोड बसवलेले असतात. सिलिकॉनच्या डायोडवर साधारण ०.६ व्होल्टच्या पुढे दाब आला की तो वाट मोकळी करतो आणि सिग्नलची वाढ तिथे आवरली जाते. लाटेचा टोकदार माथा गोल दबतो. हळू वाजवलंत तर माथा तिथवर पोचत नाही, आवाज स्वच्छ राहतो. जोरात छेडलंत की दबतो. म्हणून चांगलं ओव्हरड्राइव्ह बोटांना उत्तर देतं.

जुन्या पेडलांची दोन घराणी नवशिक्याने ओळखावीत. पहिलं पिवळ्यांचं. बॉसने १९७७ साली आपली पहिली छोटी पेडलं बाजारात आणली, त्यांत ओडी-१ होतं. त्याला दोनच नॉब. १९८१ मध्ये एसडी-१ आलं, त्यात टोनचा (आवाज किती चमकदार ते ठरवणारा) नॉब वाढला, आणि ते आजही बनतं. या दोन्हींत डायोड एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे आहेत, त्यामुळे लाटेचे वरचे आणि खालचे माथे सारखे दबत नाहीत. आवाजाला किंचित खरखरीत, मोकळी धार येते.

दुसरं हिरव्यांचं, म्हणजे आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर. ते बनवून देणारी जपानी कंपनी मॅक्सन, आणि मूळ रचना सुसुमु तामुरा या अभियंत्याची. टीएस-८०८ सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलं, टीएस-९ हे १९८२ च्या सुमारास. इथे डायोड दोन्ही बाजूंना एकेक, आवाज जास्त गुळगुळीत. ८०८ आणि ९ यांच्या किमतीत आज जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण सर्किटातला मुख्य फरक बाहेर पडण्याच्या टोकाला असलेल्या दोन रेझिस्टरचा (प्रवाह अडवणाऱ्या भागांचा): ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम, ९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम. यावरून किमतीचा अर्थ तुम्हीच लावा. माझं मत विचाराल तर पहिलं पेडल म्हणून ८०८ च्या मागे कुणीही लागू नये.

दोन्ही घराण्यांत एक गोष्ट सारखी आहे. साधारण ७२० हर्ट्झच्या खाली आयसीची वाढ कमी होत जाते. खर्जाच्या तारा त्यामुळे कमी फाटतात आणि मधला पट्टा पुढे येतो. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज थोडा नाकातला वाटतो. ड्रम आणि बेस सुरू झाले की कळतं, तो नाकातला भागच गर्दीतून वाट काढतो. आपल्याकडे आगरी-कोळी हळदीतला बँजो भोंग्यातून तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो, त्यातही मधल्या पट्ट्याचा वाटा मोठा असतो.

घ्यायला जाताना

ऑनलाइन फोटो पाहून पैसे पाठवू नका. पेडल हातात घेऊन, वाजवून घ्या. सोबत स्वतःची गिटार, माहितीतली केबल, एक नवी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि शक्य असेल तर छोटा अ‍ॅम्प न्या. मी विकणाऱ्याला आधीच विचारून घेतो की घरी वाजवून बघता येईल का. नाही म्हणाला तर जात नाही.

अ‍ॅडॉप्टरऐवजी बॅटरीवर तपासायचं कारण सोपं आहे: बॅटरीवर अ‍ॅडॉप्टरमधून येणारी घरघर नसते, म्हणून पेडलचा स्वतःचा दोष ओळखणं सोपं जातं. पेडल बंद ठेवून वाजवा, मग चालू करा. ही जपानी पेडलं बंद असतानाही सिग्नलला आतल्या बफरमधून (सिग्नल जपून पुढे देणाऱ्या छोट्या सर्किटातून) नेतात, त्यामुळे बंद असताना आवाज किंचित वेगळा वाटला तर तो दोष समजू नका. पूर्ण गायब झाला तर मात्र बिघाड आहे. पेडल दाबल्यावर दर वेळी चालू-बंद होत नसेल, तर बहुधा आतलं छोटं स्विच गेलेलं असतं. ते बदलता येतं आणि फार महाग नसतं. किंमत मात्र त्या हिशेबाने पाडून मागा.

मग प्रत्येक नॉब हळू फिरवा. खरखर झाली तर धूळ, ती साफ होते. एखाद्या जागी आवाज पूर्ण तुटत असेल तर पॉट (नॉबखालचा फिरता भाग) झिजलाय. जॅकमध्ये केबल घालून हलकी हलवा. पेडलचा इनपुट उजव्या बाजूला असतो आणि आउटपुट डाव्या, हे नवीन माणूस हमखास उलटं करतो.

त्यानंतर झाकण उघडू द्यायची विनंती करा. खालचे चार स्क्रू जपानी मापाचे असतात. आपल्याकडचा साधा फुलीचा पेचकस त्यात नीट बसत नाही आणि स्क्रूचं डोकं खातो. स्क्रूंची डोकी आधीच खाल्लेली दिसली तर पेडल बऱ्याचदा उघडलेलं आहे असं समजा. आत बघायचं ते हे: डाख (सोल्डर) सगळीकडे एकसारखा आहे की काही जागी नवा, चकचकीत, ढेकळासारखा आहे, आयसीच्या पायांभोवती करपल्याच्या खुणा आहेत का, बॅटरीच्या कप्प्यात हिरवी-पांढरी बुरशी साचली आहे का. आयसी बदललेली असली म्हणजे आवाज बिघडलाच असं नाही. पण मूळ भाग आहेत म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर ते खरोखर मूळ असायला हवेत. खालचं लेबल आणि अनुक्रमांक यांचा फोटो काढून घ्या. बॉसच्या पेडलांत त्या आकड्यावरून वर्ष काढता येतं.

एक प्रामाणिक सल्ला. त्याच दुकानात किंवा मित्राकडे नवीन एसडी-१ मिळालं तर दोन्ही शेजारी ठेवून, डोळे मिटून वाजवा. फरक ऐकू आला आणि आवडला तरच जुन्याचे जादा पैसे द्या. मी माझं जुनं वापरतो ते काकांचं आहे म्हणून, आणि हे कारणही पुरेसं आहे.

वीज देताना घाई नको

जुनी पेडलं बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण मला वाटतं चुकीचा अ‍ॅडॉप्टर. म्हणून इथे थोडा जास्त वेळ घालवू.

पहिलं, पेडलसोबत मूळ जपानी अ‍ॅडॉप्टर मिळाला तर त्यावरचं इनपुट वाचा. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३०. तो इथल्या प्लगमध्ये घातला तर जळणार. आठवण म्हणून डब्यात ठेवा, भिंतीला लावू नका.

दुसरं, पिनची दिशा. बॉस आणि आयबानेझच्या या पेडलांना नऊ व्होल्ट डीसी लागतो, मधली पिन ऋण आणि बाहेरची धन. वायफाय राउटरचे किंवा कीबोर्डचे बरेच अ‍ॅडॉप्टर याच्या नेमके उलटे असतात आणि पिन मात्र तशीच बसते. काही जुन्या अमेरिकन पेडलांना तर हेडफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची पिन असते. अ‍ॅडॉप्टरवरचं छोटं गोल चिन्ह वाचल्याशिवाय काहीही जोडू नका.

तिसरं, खास जुन्या बॉससाठी. लेबलवर 'एसीए' अ‍ॅडॉप्टर लिहिलेलं असेल तर ते पेडल जुन्या, न आवरलेल्या (व्होल्ट एका आकड्यावर न धरणाऱ्या) अ‍ॅडॉप्टरसाठी बनवलेलं आहे. नावाला नऊ असला तरी तो अ‍ॅडॉप्टर प्रत्यक्षात बाराच्या आसपास व्होल्ट द्यायचा, आणि पेडलच्या आत तो दाब कमी करायची सोय होती. आजचा नेमका नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला की त्यातूनही थोडे व्होल्ट आत गळतात, लाल दिवा मंद लागतो आणि आवाज जरा आखडतो. पेडल बिघडलेलं नसतं. अशा पेडलला बॅटरी लावा, सगळं जागेवर येतं. किंवा एकाच अ‍ॅडॉप्टरवरून साखळीने दुसऱ्या, एसीए नसलेल्या पेडलसोबत वीज द्या. केबलमधून दोघांची ग्राउंड (ऋण बाजू) जोडली गेली की दिवा उजळतो.

बॅटरी खरं तर या पेडलांना भरपूर पुरते, कारण ती फक्त काही मिलिअँपिअर खातात. पण केबल इनपुटमध्ये अडकवली की बॅटरी जोडली जाते. पेडल बंद असलं तरी खर्च चालूच. वाजवून झालं की केबल काढा.

घरघर येत असेल तर पेडलला दोष देण्याआधी प्लग बघा. आपल्या जुन्या इमारतींत अर्थिंग कित्येकदा नुसतं नावाला असतं. अ‍ॅम्पची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरला लावून घरघर घालवायचा प्रयत्न कधीही करू नका, गिटारच्या तारांना तुमचे हात लागलेले असतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावला तर जी भणभण येते ती इन्व्हर्टरची. वीज येईपर्यंत थांबा.

आवाज लावणे

आधी पेडल बंद. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. अ‍ॅम्पचा गेन (आत सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) हळूहळू चढवा, जोरात छेडल्यावर आवाज जरासा फाटतो आणि हळू छेडल्यावर स्वच्छ राहतो, त्या काठावर थांबा. सगळं पुढचं काम या काठावर होतं. (ट्रान्झिस्टरच्या छोट्या अ‍ॅम्पची गोष्ट वेगळी, ती पुढे येते.) अ‍ॅम्प पूर्ण स्वच्छ आणि बारीक ठेवला की पेडलला ढकलायला समोर काहीच नसतं. मग माझ्यासारखा डास ऐकू येतो.

आता नॉब. ते घड्याळासारखे वाचायची पद्धत आहे. ड्राइव्ह आठवर, टोन बारावर. पेडल चालू करा आणि लेव्हल इतकी ठेवा की चालू-बंद करताना आवाज सारखाच वाटेल. ही शून्य रेषा. इथून लेव्हल दोनपर्यंत न्या. आवाज फक्त मोठा होणार नाही, तो भरेल, कारण आता अ‍ॅम्प स्वतः दबायला लागलाय. मगच ड्राइव्ह थोडा थोडा वाढवा, आणि दर वेळी स्वतःला विचारा की सहा तारांचा पूर्ण कॉर्ड अजून वेगवेगळा ऐकू येतो का. गढूळ झाला की एक पाऊल मागे.

त्यानंतर पेडलला हात लावू नका, गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणा (हे आकडे घड्याळाचे नाहीत, गिटारच्या नॉबवरचे). निम्मी धार निघून जाते. कडव्याला सात, ध्रुवपदाला नऊ, सोलोला दहा, हे काकांचं गणित. स्टेजवर त्यांच्याकडे एकच पेडल असायचं, आणि तीन आवाज ते करंगळीने काढायचे. मला यात तीन महिने गेले, पण सगळ्यात जास्त आनंदही यातच मिळाला.

सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप असतील तर टोन थोडा मागे. हंबकर (दोन वेटोळ्यांचे) असतील तर ड्राइव्ह आणखी कमी. ट्रान्झिस्टरचा छोटा अ‍ॅम्प असेल, आपल्यापैकी बहुतेकांचा असतोच, तर त्याची स्वतःची फाट कडवट असते. तिथे अ‍ॅम्प स्वच्छच ठेवा पण ट्रेबल कमी आणि आवाज पुरेसा मोठा, आणि ड्राइव्ह घड्याळाच्या दहाच्या आसपास. इतर पेडलं असतील तर वॉ (पायाने आवाज उघड-मिट करणारं) आधी, ओव्हरड्राइव्ह मध्ये, डीले आणि रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा देणारी) शेवटी. उलटं केलंत तर प्रतिध्वनीही फाटून चिखल होतो.

पुरेसा मोठा आवाज म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न आलाच. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. अ‍ॅम्प भिंतीपासून लांब, खाली जाड सतरंजी, तोंड कपड्यांच्या कपाटाकडे. मी शेजारच्या काकूंना विचारून संध्याकाळी सहा ते सातची वेळ ठरवून घेतली. त्यांची नात आता त्या वेळी दारात येऊन बसते.

ठाण्यातला पावसाळा

जून ते सप्टेंबर खाडीची दमट हवा घरात भरून राहते आणि पेडलचे जॅक, बॅटरीचे टोक, स्विचचे पत्रे यांवर थर चढतो. एका पावसाळ्यात मी बॅटरी आत ठेवून पेडल माळ्यावर ठेवलं. गणपतीत काढलं तेव्हा बॅटरी फुटून कप्प्यात पांढरी पूड झाली होती आणि एक तार गळून पडली. तेव्हापासून आठ दिवसांपेक्षा जास्त वाजवणार नसेन तर बॅटरी बाहेर.

अशी पूड दिसली तर हातमोजे घाला, कोरड्या ब्रशने झाडा, अल्कलाइन बॅटरी असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर लावून पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. पाणी नको.

ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल्या झाल्या की बदला. माळा आणि बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा. एसीच्या खोलीतून थेट दमट हवेत आणलंत तर आत दव धरतं. अर्धा तास तसंच राहू द्या, मग वीज द्या. आणि सगळ्यात चांगलं औषध वापर. आठवड्यातून एकदा प्रत्येक नॉब शेवटपासून शेवटपर्यंत वीसेक वेळा फिरवा, जॅकमध्ये केबल चार-पाचदा घालून काढा. खरखर राहिलीच तर पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा. बिजागऱ्यांना मारायचं तेल वापरू नका, त्यावर धूळ बसते.

दुरुस्ती

सैल जॅक घट्ट करताना बाहेरचं नट फिरवण्याआधी आतून जॅक बोटांनी धरा. तो सोबत फिरला की आतल्या तारा तुटतात. ही चूक मी दोन वेगळ्या पेडलांत बघितली आहे. सुटलेली तार, बॅटरीचा कॅप, स्विच, एवढं डाख मारायला शिकलेला माणूस घरी करू शकतो. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतात. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, तिथून पूर्वेला चालत. दुपारी जा, सकाळच्या लोकलमध्ये गिटारची बॅग घेऊन चढणं हे गिटारवर अन्याय आहे.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग) इतक्या वर्षांत सुकू शकतात. हिस्स वाढली, खर्ज पातळ झाला, तर ते मोजून घ्या. सगळे एकदम बदलून टाकू नका, सुकलेलेच बदला, त्याच क्षमतेचे (त्यावर मायक्रोफॅरॅडमध्ये लिहिलेली असते) आणि त्याच किंवा जास्त व्होल्टचे. डायोड आणि आयसी चालत असतील तर त्यांना हात लावू देऊ नका. हल्ली कुणाकडेही दिलं की 'सुधारून देतो' म्हणतात. रिपेरिंगवाल्याला लिहून द्या की काय बदलायचं आणि काय नाही, आणि देण्याआधी आतल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

काढलेला प्रत्येक भाग परत मागा. माझ्या डब्यात एक छोटी प्लास्टिकची पिशवी आहे, तीत काकांच्या पेडलचं मूळ स्विच आणि एक सुकलेला कंडेन्सर आहे, सोबत तारीख आणि काय बदललं ते लिहिलेली चिठ्ठी. पुढे हे पेडल ज्याच्या पायाखाली जाईल त्याला ती पिशवीही मिळेल.